समाजमाध्यमांवरून भेदभावाची जाणीव मोजता येते का?

जातीय अत्याचाराची एखादी बातमी आली की दोन-तीन दिवसांत आपल्या ग्रुपवर एक आकडा फिरू लागतो. अमुक हॅशटॅगवर इतक्या लाख पोस्ट पडल्या, देश पेटून उठला, असे त्यात म्हटलेले असते. त्याच सुमारास दुसरीकडून सूर निघतो की आता जात पाळतो कोण, रोजच्या फेसबुकवर कोणी तक्रार करताना दिसते का? दोन्ही बाजूंची मते उलटी आहेत, पण पुरावा म्हणून दोघेही समाजमाध्यमेच पुढे करतात.

हा पुरावा किती पक्का आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि पत्रकारांना नीट माहीत असायला हवे. कारण विद्यापीठांत, सरकारी खात्यांत आणि आंतरराष्ट्रीय संस्थांमध्ये आता समाजमाध्यमांवरील मजकुरातून लोकांचे मत मोजण्याची पद्धत रुळली आहे. उद्या एखादा अहवाल म्हणाला की अमुक जिल्ह्यात जातिभेदाची तक्रार नगण्य आहे, तर त्याला उत्तर देता आले पाहिजे. आणि आपण स्वतः एखादा आकडा मांडला, तर तो कोणाला सहज खोडता येऊ नये. म्हणून ही मोजणी कशी होते, कुठे चुकते आणि ती कशी वापरावी, हे आम्ही येथे मांडत आहोत.

तीन वेगळ्या गोष्टी

सुरुवातीलाच तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. भेदभाव घडणे ही एक. तो माणसाला जाणवणे ही दुसरी. आणि त्याबद्दल चारचौघांत बोलणे ही तिसरी. समाजमाध्यमांवर फक्त तिसरी गोष्ट दिसते.

पहिल्या दोहोंतील अंतर किती असते, याचे उत्तम उदाहरण डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲट्टेवेल यांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यांनी इंग्रजी वृत्तपत्रांतील खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण व पात्रता सारखी होती, फरक होता तो आडनावात. उच्चवर्णीय हिंदू आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची जी शक्यता होती, तिच्या साधारण दोन-तृतीयांशच शक्यता दलित आडनावाच्या अर्जाला मिळाली. आता विचार करा, ज्या तरुणाला बोलावणे आले नाही, त्याला हे कळणार कसे? तो फार तर म्हणेल, यंदा नशीब नव्हते. भेदभाव झाला, पण त्याला तो जाणवला नाही. मग त्याची पोस्ट कुठून येणार?

दुसरे उदाहरण प्यू रिसर्च सेंटरच्या सर्वेक्षणाचे. २०१९-२० मध्ये देशभरातील सुमारे ३० हजार प्रौढांच्या समोरासमोर मुलाखती घेऊन ते झाले आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. अनुसूचित जातींविरुद्ध देशात खूप भेदभाव होतो, असे म्हणणारे फक्त २० टक्के निघाले. पण आपल्या समाजातील स्त्रियांनी जातीबाहेर लग्न करू नये, त्यांना रोखणे फार महत्त्वाचे आहे, असे म्हणणारे मात्र ६४ टक्के होते. ज्या समाजात निम्म्याहून अधिक माणसे जातीची भिंत आवश्यक मानतात, तिथेच बहुसंख्यांना भेदभाव फारसा दिसत नाही. भेदभावाची जाणीव मोजणे म्हणजे भेदभाव मोजणे नव्हे, हे या दोन आकड्यांवरून कळते.

मग समाजमाध्यमांकडे वळायचे कशासाठी?

याचे कारण असे की सर्वेक्षणातही माणूस सगळे खरे बोलत नाही. समोर अनोळखी मुलाखतकार बसला असताना 'आम्ही शिवाशिव पाळतो' असे कोण सांगेल? २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणाने यावर एक साधी युक्ती केली. ४२ हजारांहून अधिक कुटुंबांना आधी विचारले की घरात कोणी अस्पृश्यता पाळते का. ज्यांनी नाही म्हटले, त्यांना पुढचा प्रश्न विचारला की अनुसूचित जातीची व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आली किंवा तिने तुमची भांडी वापरली तर चालेल का. दोन्ही उत्तरे मिळून सुमारे २७ टक्के कुटुंबांत कोणत्या ना कोणत्या रूपात अस्पृश्यता पाळली जात असल्याचे आढळले. प्रश्न बदलला की उत्तर बदलते, हे यातून दिसते.

कोणी विचारत नसताना, एकट्याने मोबाइलवर टाइप करताना माणूस अधिक मोकळा असतो, हा या नव्या पद्धतीमागचा मूळ विचार आहे. अमेरिकेत सेथ स्टीफन्स-डेव्हिडोविट्झ या अर्थतज्ज्ञाने गुगलवर कृष्णवर्णीयांविषयीचे अपमानकारक शब्द कुठल्या भागात किती शोधले जातात, हे तपासले. सर्वेक्षणात न दिसणारा वर्णद्वेष या शोधांत दिसला, आणि २००८ च्या निवडणुकीत बराक ओबामांना त्यामुळे सुमारे ४ टक्के मतांचा फटका बसला असावा, असा निष्कर्ष त्याने काढला. इंडोनेशियात संयुक्त राष्ट्रांच्या 'ग्लोबल पल्स' उपक्रमाने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सोबतीने ट्विटरवरील मजकूर तपासला. कामाच्या ठिकाणी स्त्रियांशी होणाऱ्या भेदभावाबद्दल लोक काय बोलतात, हे त्यातून कळू शकते का, एवढाच त्या अभ्यासाचा माफक प्रश्न होता.

या पद्धतीचे तीन फायदे मान्य करायला हवेत. ती स्वस्त आणि जलद आहे. ती लोकांचे स्वतःचे शब्द पकडते. आणि एखाद्या घटनेच्या आधी व नंतर लोकांची भाषा कशी बदलली, हे पाहता येते, जे दहा वर्षांतून एकदा होणाऱ्या सर्वेक्षणाला जमत नाही.

मोजणी कशी करतात?

ढोबळमानाने पाच पायऱ्या असतात. आधी प्रश्न ठरतो. मग शोधशब्दांची यादी होते. त्या शब्दांच्या पोस्ट गोळा करून त्यांतील पुनरुक्ती, जाहिराती आणि यंत्राने चालवलेली खाती वगळतात. त्यानंतर भाषा जाणणारी माणसे काही हजार पोस्ट वाचून प्रत्येकीवर शेरा मारतात. ही भेदभावाची तक्रार आहे, भेदभावाचे समर्थन आहे, शिवीगाळ आहे, की नुसती बातमी? शेवटी या शेऱ्यांवरून संगणकाला शिकवून उरलेल्या लाखो पोस्टची वर्गवारी केली जाते.

मराठीत पहिली ठेच दुसऱ्याच पायरीला लागते. 'जात' हा शब्द शोधा, म्हणजे 'पोरगी शाळेत जात नाही', 'बस पुण्याला जात आहे' अशा पोस्टचा ढीग पुढ्यात येतो. त्यातून खऱ्या जातीच्या पोस्ट वेगळ्या केल्या, तरी त्यांत जात प्रमाणपत्र आणि जात पडताळणीच्या चौकशा असतात. उलट 'भेदभाव' हा शब्द शोधला तर हाती लागतात भाषणे आणि बातम्या. ज्याच्यावर बेतते तो हा शब्द क्वचितच वापरतो. तो लिहितो, 'मला वेगळा कप दिला', 'पूर्ण नाव विचारलं आणि मग खोली दुसऱ्याला दिली म्हणाले', 'वर्गात सगळ्यांसमोर स्कॉलरशिपवाले उभे राहा म्हटलं'. यांपैकी एकाही वाक्यात जात नाही, दलित नाही, भेदभावही नाही. शब्दांची यादी कार्यालयात बसून केली तर ही वाक्ये कायमची निसटतात.

द्वेषाचीही तीच गत. उघड जातिवाचक शिवी यंत्राला सापडते. 'सरकारी जावई', 'कोटावाला डॉक्टर' हे टोमणे मात्र सुटतात, कारण त्यांतला प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे निरुपद्रवी आहे. 'जय भीम' हा आपला अभिवादनाचा शब्द, पण तोच खिजवण्यासाठीही वापरला जातो. कोणी कोणाला, कशाखाली म्हटले, हे पाहिल्याशिवाय अर्थ लागत नाही. शिवाय अर्धे मराठी रोमन लिपीत लिहिले जाते आणि एका शब्दाची चार-चार स्पेलिंगे असतात.

मराठीत या दिशेने काम सुरू झाले आहे. पुण्याच्या 'एलथ्रीक्यूब' गटाने २०२२ मध्ये २५ हजारांहून अधिक मराठी ट्विटचा 'महाहेट' हा संग्रह तयार केला. त्यात द्वेषपूर्ण, अपमानकारक, अश्लील आणि यांपैकी काही नाही, असे चार प्रकार केलेले आहेत. अशी साधने उपयोगी आहेत. मात्र त्यांच्या आधारे निघालेला कोणताही निष्कर्ष वाचताना एक प्रश्न विचारावा: शेरे मारणारे कोण होते? 'कोटावाला' हा शब्द एकाला विनोद वाटतो, दुसऱ्याला जखम. शेरे मारणाऱ्यांत सगळे एकाच सामाजिक स्तरातले असतील, तर यंत्रही तेवढेच शिकते. दोन-तीन वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या माणसांनी एकच पोस्ट वेगवेगळी वाचावी आणि त्यांचा किती वेळा मेळ बसला हे अहवालात सांगावे, ही यातली किमान अट.

कोण बोलतो, कोण गप्प राहतो?

१९३६ मध्ये अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीचा अंदाज घेण्यासाठी सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या. तेवीस लाखांवर उत्तरे आली आणि लँडन जिंकणार असा निकाल निघाला. प्रत्यक्षात रूझवेल्ट प्रचंड बहुमताने जिंकले. पत्ते घेतले होते ते टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांतून, आणि मंदीच्या त्या काळात गरीब मतदार त्यांत पुरेसा नव्हताच. त्याहून कितीतरी लहान पण काळजीपूर्वक निवडलेला नमुना घेणाऱ्या जॉर्ज गॅलपचा विजेता बरोबर निघाला. नमुना मोठा असणे आणि तो सर्वांचा असणे, या वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडे टेलिफोनच्या जागी इंटरनेट ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९-२१ नुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते, तर स्त्रियांपैकी फक्त ३३ टक्के. ज्यांनी वापरले त्यांतही जाहीरपणे लिहिणारे थोडे. ज्या शेतमजूर बाईला पाणवठ्यावर बाजूला थांबवतात, जो सफाई कामगार चहा टपरीबाहेर उभा राहून पितो, त्यांची पोस्ट पडत नाही. ज्याची नोकरी किंवा भाड्याची खोली वरच्या जातीच्या माणसाच्या हाती आहे, तो खरे नाव लावून लिहीत नाही. आणि आडनाव लपवून शहरात राहणारा तर भेदभावाबद्दल बोललाच, तर स्वतःची ओळख उघडी करतो.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील त्या गावात एका कुटुंबातील चौघांची हत्या झाली. योगायोग असा की फेसबुक सर्वसामान्यांसाठी खुले झाले ते त्याच आठवड्यात. त्या वेळी कोणी इंटरनेटवरील मजकूर मोजला असता, तर पहिले कित्येक दिवस जवळजवळ काहीच हाती लागले नसते. मुख्य प्रवाहातील माध्यमेही सुरुवातीला थंड होती. कार्यकर्त्यांनी गावात जाऊन माहिती काढली, ती हातोहात पसरली आणि नोव्हेंबरमध्ये राज्यभर लोक रस्त्यावर आले. मौनाचे ते आठवडे भेदभाव नसल्याचा पुरावा होते, असे कोण म्हणेल? पुढे न्यायालयाने आरोपींना हत्येसाठी दोषी धरले, पण ॲट्रॉसिटी कायद्याखाली नाही. म्हणजे सरकारी नोंदीतूनही जात गळून पडू शकते.

लाट आली म्हणजे प्रमाण वाढले का?

जानेवारी २०१६ मध्ये रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतर, जानेवारी २०१८ मध्ये भीमा कोरेगावच्या हिंसाचारानंतर आणि त्याच वर्षी २ एप्रिलच्या भारत बंदच्या वेळी समाजमाध्यमांवर मोठ्या लाटा आल्या. अशा लाटेत चार वेगवेगळी पाणी मिसळलेली असतात: प्रत्यक्ष अनुभव सांगणारे, पाठिंबा देणारे, विरोधात चिथावणी देणारे आणि नुसती बातमी पुढे ढकलणारे. एकूण आकड्यात हे सगळे एकत्र मोजले जातात. आपल्या बाजूचा म्हणून जो आकडा आपण अभिमानाने पुढे पाठवतो, त्यात शिव्या देणाऱ्यांच्या पोस्टही असतात.

गुगलने २००८ मध्ये 'फ्लू ट्रेंड्स' नावाची सेवा सुरू केली होती. लोक तापाबद्दल काय शोधतात यावरून साथीचा अंदाज बांधायचा, ही तिची रीत. २०१२-१३ च्या हिवाळ्यात तिचा अंदाज डॉक्टरांकडील प्रत्यक्ष नोंदींच्या दुपटीहून अधिक निघाला, आणि २०१५ मध्ये ती बंद झाली. तापाची चर्चा वाढली म्हणजे ताप वाढला असे नाही, हा तिचा धडा जातीच्या चर्चेलाही लागू आहे.

म्हणून जाणकार एकूण संख्येऐवजी प्रमाण पाहतात: त्या काळातील दर हजार मराठी पोस्टमागे अशा किती, आणि किती वेगवेगळ्या माणसांनी लिहिल्या. एकाच माणसाने दोनशे पोस्ट टाकल्या, तर तो एकच आवाज आहे.

हीच सावधगिरी सरकारी आकड्यांबाबतही हवी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे गुन्हे २०२१ मध्ये ५०,९०० होते, २०२२ मध्ये ५७,५८२ झाले. यात अत्याचार किती वाढले आणि तक्रार नोंदवण्याची हिंमत किती वाढली, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही.

चाव्या कंपन्यांच्या हाती

आणखी एक अडचण अशी की हा सारा मजकूर खासगी कंपन्यांच्या ताब्यात आहे. ट्विटरने २०२३ मध्ये संशोधकांना मिळणारी मोफत सोय बंद केली. फेसबुकवरील सार्वजनिक पोस्ट तपासण्याचे 'क्राउडटँगल' हे साधन मेटा कंपनीने १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद केले. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत सर्वाधिक बोलणे चालते ते व्हॉट्सॲपवर, आणि तिथले बाहेरून दिसत नाही. कंपनीने काढून टाकलेला द्वेषपूर्ण मजकूर नंतर मोजणाऱ्याला सापडत नाही. सापडला नाही म्हणून द्वेष कमी होता, असा निष्कर्ष मग निघू शकतो.

एकाच प्रश्नाची दोन उत्तरे

नमुन्याने उत्तर कसे बदलते, हे अमेरिकेतील वादात स्पष्ट दिसले. तिथे स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांचा हा प्रश्न आहे. 'इक्वॅलिटी लॅब्स'ने २०१६ मध्ये सामाजिक संघटनांच्या ओळखीपाळखीतून सुमारे १,५०० जणांची उत्तरे गोळा केली. त्यांतील ६७ टक्के दलितांनी कामाच्या ठिकाणी जातीमुळे अन्यायकारक वागणूक मिळाल्याचे सांगितले. २०२० मध्ये कार्नेगी संस्थेने १,२०० भारतीय अमेरिकनांचे ऑनलाइन सर्वेक्षण केले. त्यात जातीवरून भेदभाव झाल्याचे सांगणारे ५ टक्के निघाले.

दोन्ही आकडे एकमेकांवर फेकले गेले. पण कार्नेगीच्या नमुन्यात जात सांगणाऱ्या हिंदूंपैकी दलित होते सुमारे १ टक्का, म्हणजे बोटांवर मोजण्याइतके. त्यांना काय सोसावे लागते, हे त्या सर्वेक्षणातून कळणे शक्यच नव्हते. आणि इक्वॅलिटी लॅब्सचा नमुना चळवळीच्या जाळ्यातून आलेला असल्याने तेथील सर्व दलितांचे प्रमाण म्हणून ६७ टक्के सांगणेही बरोबर नाही. तो अहवाल भेदभाव कोणत्या रूपात होतो ते सांगतो, किती जणांना होतो ते नाही. आमचे मत असे की या दुसऱ्या मर्यादेची कबुली आपण स्वतः दिली, तर आपली बाजू दुबळी होत नाही. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी घातली, त्या वेळी अनेकांनी नगर परिषदेपुढे उभे राहून स्वतःचे अनुभव सांगितले होते. अनुभव खरा असेल तर त्याला फुगवलेल्या आकड्याची गरज पडत नाही.

आपण काय करावे?

वरील सर्व लक्षात घेऊन आम्हाला काही पथ्ये महत्त्वाची वाटतात.

१. समाजमाध्यमांवरील आकडा मांडताना तो 'बोलण्याचा' आकडा आहे, असे स्पष्ट लिहावे. 'इतक्या टक्के लोकांना भेदभाव सोसावा लागतो' असे त्यावरून कधीही लिहू नये.

२. काळ, माध्यम, भाषा, शोधशब्द आणि वेगवेगळ्या खात्यांची संख्या सोबत द्यावी. ही पाच माहिती नसलेला आकडा पुढे पाठवू नये.

३. 'भेदभाव' हा एकच शब्द घेऊन बसू नये, प्रत्यक्ष प्रथांची यादी करावी. गुजरातमध्ये नवसर्जन संस्थेने १,५८९ गावांत पाहणी केली, तेव्हा अस्पृश्यतेच्या ९८ प्रथा वेगवेगळ्या नोंदवल्या होत्या. वेगळा कप, भाड्याची खोली, मंदिर, स्मशान, वसतिगृह, मध्यान्ह भोजनाची पंगत, अशी यादी आपल्या तालुक्यासाठी करता येते. ती लोकांच्या तोंडच्या शब्दांत असावी.

४. समाजमाध्यमांवर जे दिसले ते सर्वेक्षण, पोलीस नोंद आणि प्रत्यक्ष गावभेट यांच्याशी ताडून पाहावे. जिथून एकही पोस्ट आली नाही, त्या गावात आधी जावे.

५. मोजणी आणि तक्रार वेगळी ठेवावी. इंटरनेटवरील अपमानालाही ॲट्रॉसिटी कायदा लागू होऊ शकतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे. तक्रार करायची असेल तर दुवा, तारीख, वेळ आणि खात्याचे नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा, मूळ फोन जपून ठेवावा, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे लागणाऱ्या प्रमाणपत्राबाबत वकिलाचा सल्ला घ्यावा.

६. पीडितांची ओळख जपावी. लैंगिक अत्याचारातील पीडितेचे नाव किंवा ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि पीडित बालक असेल तर पॉक्सोचे कलम २३ लागू होते. इतर प्रकरणांतही कोणाची पोस्ट सार्वजनिक होती म्हणून ती नाव-गावासह अहवालात छापावी, असे नाही. ती पोस्ट वाचून मालक कामावरून काढू शकतो, गावात बहिष्कार पडू शकतो. आकडा छापावा, माणूस उघडा करू नये.

शंभर वर्षांपूर्वी बहिष्कृतांचे दुःख छापायला वर्तमानपत्रे तयार नव्हती, म्हणून ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. नावातच अर्थ होता: जे मुके आहेत त्यांचा नायक. आज बोलायला प्रत्येकाच्या हाती फोन आला असे वाटते, पण वर दिलेले आकडे सांगतात की मुके अजूनही पुष्कळ आहेत. जे बोलतात त्यांचे नीट मोजावे. जे बोलू शकत नाहीत, त्यांच्या दारापर्यंत मात्र वही-पेन घेऊन आपणच जायला हवे.